बिटाची पारख, हातांची राखण

गावच्या सुताराला बलुते घालावे आणि वर्षभराची लाकडी औजारे त्याच्याकडून नीट करून घ्यावी, ही रीत आता बहुतेक गावांतून गेली. सुतार असला तरी तो तालुक्याला दारे-खिडक्यांच्या कामात गुंतलेला असतो. मग कुळवाचे रुमणे मोडले, गव्हाणीची फळी सुटली किंवा गोठ्याच्या दाराची बिजागरी निखळली, तर घरच्याच माणसाला हात घालावा लागतो. म्हणून पुष्कळ शेतकरी घरांत विजेवरचे नाहीतर बॅटरीवरचे ड्रिल मशीन आलेले दिसते. हौशी तरुणांनी फळीच्या कडेला गोलाई देणारे, खाच मारणारे राऊटरही आणले आहे. घरात दोन पैशांचे काम सुरू होते, ही चांगलीच गोष्ट आहे.

पण मशीन घेताना चार दुकाने हिंडणारा माणूस बिट घेताना मात्र दुकानदार पुढे करील ते उचलतो. नांगर नामांकित कंपनीचा आणि फाळ बोथट, अशातली ही गत. मशीन नुसते फिरवते. लाकूड कापते ते बिट. आणि इजा होते तीसुद्धा बहुतेक वेळा बिटापाशीच होते. म्हणून बिटाची निवड आणि ते वापरण्याची रीत, या दोन्हींचा विचार एकत्रच केला पाहिजे.

त्यातही एक गोष्ट आम्हांला फार महत्त्वाची वाटते. औजार बदलले, पण बसण्या-धरण्याची सवय जुनीच राहिली. सामत्याने भोक पाडणारा सुतार जमिनीवर बसायचा आणि फळी पायाच्या पंजाने दाबून धरायचा. त्यात काही चूक नव्हती. कमानीने फिरणारा सामता क्षणात उजवीकडे, क्षणात डावीकडे वळे आणि हात थांबला की तोही थांबे. गिरमिटाचेही तसेच. विजेचे ड्रिल मिनिटाला अडीच-तीन हजार फेरे घेते. फळीतून आरपार आल्यावर खाली जमीन आहे की तुमचा पाय आहे, हे त्याला कळत नाही. राऊटर तर मिनिटाला दहा हजारांपासून तीस हजारांपर्यंत फेरे घेते. पायाने फळी धरण्याची सवय जिथे असेल तिथे ती आजच सोडावी. लोखंडी शिकंजा, म्हणजे सी-क्लॅम्प, दोन तरी घ्यावेत. आमच्या मते मशीनच्या पैशांत थोडी काटकसर करावी लागली तरी चालेल, पण शिकंज्यांशिवाय मशीन घरी आणू नये.

भोकाचे बिट

दुकानात सर्रास मिळते ते पिळाचे बिट, ज्याला ट्विस्ट बिट म्हणतात. स्टीफन मोर्स या अमेरिकन कारागिराने १८६३ साली त्याचे पेटंट घेतले. ते मुळात धातूसाठीचे बिट आहे. लाकडावर चालते, नाही असे नाही. पण त्याचे टोक पसरट असल्यामुळे सुरुवातीला ते घसरते आणि लाकडाच्या रेषेबरोबर वाहवत जाते. बाभळीसारख्या गाठाळ लाकडात तर खूण एकीकडे आणि भोक दुसरीकडे होते. हे बिट वापरायचे तर आधी आरीने किंवा खिळ्याने खोल ठसा पाडून घ्यावा.

लाकडासाठी खास केलेल्या बिटाला मधोमध सुईसारखे टोक असते आणि दोन्ही कडांना धारदार पाती असतात. दुकानात ‘ब्रॅड पॉइंट’ म्हणून मागावे. मधले टोक खुणेवर रुतते, कडेची पाती आधी लाकडाचे तंतू गोलाकार चिरतात आणि मग आतला भाग निघतो. भोक स्वच्छ पडते, काठावर कुसळे राहत नाहीत. सहा, आठ आणि दहा मिलिमीटरची अशी तीन बिटे घरात असली की बहुतेक गरज भागते.

भिंतीचे बिट लाकडाला लावू नये. त्याच्या टोकाला जाड, बोथट असा तुकडा बसवलेला असतो. तो दगड-विटा फोडण्यासाठी असतो. लाकडात तो कापत नाही, घासतो. धूर निघतो, भोक काळे पडते आणि माणूस जोर लावत राहतो. जोर लावता लावता बिट मोडते किंवा एकदम आरपार जाते, आणि मशीनमागोमाग हातही पुढे जातो.

जाड लाकडातून बोल्टाचे भोक आरपार न्यायचे असेल, उदाहरणार्थ कुळवाच्या दिंडाला किंवा गाडीच्या साटीला, तर ऑगर बिट घ्यावे. त्याचा पीळ रुंद असतो, त्यामुळे भुसा वर येत राहतो. टोकाला स्क्रूसारखे आटे असतात, ते बिटाला आपोआप आत ओढून नेतात. हातब्रेसवर हे बिट फार छान चालते. विजेच्या ड्रिलवर मात्र त्याचा धाक ठेवावा. आटे आत ओढत असताना मध्येच गाठ लागली की बिट अडकते. ते फिरेनासे झाले की मशीनच उलटे फिरू पाहते आणि मनगट पिरगळते. बॅटरीवरचे ड्रिल लहान दिसले तरी त्याचा झटका लहान नसतो. म्हणून वेग अगदी कमी ठेवावा, बाजूची मूठ बसवावी आणि दोन्ही हातांनी मशीन धरावे. हात पूर्ण लांब करून, शिडीवर किंवा डगमगत्या स्टुलावर उभे राहून हे काम करूच नये. टेबलावर बसवलेल्या उभ्या ड्रिलला आट्यांचे ऑगर लावू नये. तिथे ते फळीच उचलून घेते.

वीस-पंचवीस मिलिमीटरचे भोक स्वस्तात पाडायला चपटे बिट मिळते. ते काम करते, पण पलीकडून बाहेर पडताना मोठा ढलपा उडवते. त्याला उपाय सोपा आहे. मधले टोक पलीकडून जरासे दिसू लागले की थांबावे, फळी उलटावी आणि त्याच टोकाच्या खुणेवरून दुसऱ्या बाजूने भोक पुरे करावे. सपाट तळाचे, उथळ, मोठे भोक हवे असेल तर फोर्स्टनर बिट. बेंजामिन फोर्स्टनर याने १८७४ साली त्याचे पेटंट घेतले. कपाटाच्या दारांना आतून बसणाऱ्या बिजागऱ्यांसाठी ३५ मिलिमीटरचे भोक लागते, ते यानेच पाडतात. कपाटे करायची नसतील तर हे बिट घेण्याची घाई नको.

बिटाची जाडी जितकी मोठी तितका वेग कमी, हा नियम सगळीकडे लागू. तीन मिलिमीटरचे बिट पुऱ्या वेगाने फिरवले तरी चालते. ३५ चे तसे फिरवले तर लाकूड जळते आणि बिटाची धारही जाते. स्वस्त साध्या पोलादाचे बिट तापून निळे पडले की त्याचे पाणी उतरले, असे समजावे. फाळ भट्टीत जास्त तापला की लोहार त्याला पुन्हा पाणी देतो, तसे इथे घरी करता येत नाही. एचएसएस, म्हणजे हायस्पीड पोलादाचे बिट, अशा तापण्याने लगेच बिघडत नाही. बिटाच्या दांडीवर ही अक्षरे कोरलेली असतात. थोडे जास्त पैसे मोजून तेच घ्यावे.

माप घेताना आपल्याकडे अजून सुताची भाषा चालते. आठ सुतांचा इंच, म्हणजे एक सूत सव्वातीन मिलिमीटरला जरा कमी. चार सुती बोल्टाला १३ चे आणि तीन सुती बोल्टाला १० चे बिट घ्यावे. स्क्रूसाठी दोन मापे लागतात, आणि हे पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. वरच्या फळीतले भोक असे हवे की स्क्रू त्यातून सैल सरकेल. खालच्या लाकडातले भोक स्क्रूच्या आट्यांच्या आतल्या गाभ्याइतकेच हवे. दोन्हीकडे एकच माप वापरले की वरची फळी घट्ट आवळली जात नाही, मध्ये फट राहते. बाभूळ, खैर, धावडा यांत तर खिळ्यालासुद्धा आधी बारीक भोक पाडून घ्यावे, म्हणजे लाकूड चिरत नाही. स्क्रूला मेणबत्तीचे मेण चोळले की तो सुरेख जातो.

जिथे तिफणीचे लाकडी चाडे अजून वापरात आहे, तिथे या मापाला आणखी महत्त्व आहे. चाड्याच्या भोकांतून बी नळ्यांत उतरते. एक भोक जरा अरुंद राहिले किंवा आतून खरबरीत राहिले, तर त्या ओळीला बी कमी पडते आणि ते उगवणीनंतरच दिसते. तिन्ही भोके एकाच बिटाने पाडावीत. मधेच बिट बदलू नये. आणि शेवटी बारीक काचकागद काठीला गुंडाळून तिन्ही आतून सारखी करावीत.

भोक पाडताना

फळीच्या मागे एक रद्दी लाकूड शिकंज्याने घट्ट आवळावे. बिट पलीकडे येताना ढलपा उडत नाही, आणि पलीकडे हात जायलाही जागा उरत नाही. खोल भोकात दर बोटभर अंतरावर बिट फिरते ठेवूनच बाहेर ओढावे, भुसा झटकून पुन्हा आत घालावे. आत भुसा कोंडला की बिट तापते आणि अडकते. किती खोल जायचे ते बिटावर चिकटपट्टी गुंडाळून ठरवावे.

जुन्या वाड्याचे, मोडक्या गाडीचे लाकूड वापरण्याची आपल्याकडे पद्धत आहे, आणि ते लाकूड असतेही मुरलेले. पण त्यात खिळे दडलेले असतात. मोडक्या रेडिओच्या स्पीकरचे लोहचुंबक दोऱ्याला बांधून लाकडावरून हळूहळू फिरवावे; खिळा असला की ते तिथे ओढ घेते.

चकची चावी तिन्ही भोकांत फिरवून बिट आवळावे आणि चावी लगेच काढून खिशात ठेवावी. चावी तशीच राहून मशीन सुरू झाले तर ती गोफणीतल्या दगडासारखी सुटते. बिट बदलताना प्लग काढलेला असावा, बॅटरीचे मशीन असेल तर बॅटरी काढलेली असावी. नुसते बटण बंद करणे पुरेसे नाही.

हातमोजे घालावेत का, असे पुष्कळजण विचारतात. फिरत्या बिटापाशी घालू नयेत. कातडे सोलवटण्यापेक्षा मोज्यासकट बोट ओढले जाणे फार वाईट. तीच गोष्ट गळ्यातल्या उपरण्याची, मनगटातल्या दोऱ्याची, सैल बाह्यांची. भगिनींनी पदर खोचून, वेणी बांधून, शक्य तर बांगड्या काढून कामाला लागावे. मात्र डोळ्यांना चष्मा हवाच, आणि तो बाजूंनीही बंद असलेला हवा.

आता विजेची गोष्ट. वीज जाते तेव्हा मशीन हातात थांबते. माणूस ते खाली ठेवून चहाला जातो. बटण दाबून अडकवलेले असेल तर वीज आल्याबरोबर ते आपोआप सुरू होते आणि फळीवर उड्या मारू लागते. घरात कोणी नसते, नाहीतर नेमके मूल जवळ असते. लोडशेडिंगच्या वेळापत्रकाची सवय झालेल्या माणसानेही ही एक सवय लावून घ्यावी: वीज गेली की पहिल्यांदा प्लग काढायचा. मशीनला आणि मीटरला अर्थिंग असावे, ३० मिलिअँपिअरचा गळती-रोधक स्विच बसवून घ्यावा, आणि ओल्या अंगणात अनवाणी काम करू नये.

राऊटर: आधी दांडी पाहा

राऊटरच्या बाबतीत सगळ्यांत मोठा घोटाळा होतो तो बिटाच्या दांडीचा. बाजारात दोन जवळजवळ सारख्या दांड्या मिळतात. एक पाव इंची, म्हणजे दोन सुती. ती भरते ६.३५ मिलिमीटर. दुसरी सरळ सहा मिलिमीटरची. फरक ०.३५ मिलिमीटरचा, तीन-चार कागदांच्या जाडीइतका. डोळ्यांनी तो कळत नाही आणि दुकानदारही कधी कधी एकीच्या जागी दुसरी देतो. पाव इंची कॉलेटमध्ये सहाची दांडी बसते, आवळलीही जाते, पण धरली जात नाही. मिनिटाला पंचवीस हजार फेऱ्यांवर ती खाली सरकू लागते, खाच खोल होत जाते, आणि शेवटी बिट निसटते. हाच घोटाळा अर्ध्या इंचाच्या, म्हणजे १२.७ मिलिमीटरच्या, आणि १२ मिलिमीटरच्या दांडीत होतो. बिट घेताना आपले कॉलेट खिशात घालून न्यावे. त्यावर माप कोरलेले असते. तेच माप दांडीवर असेल तरच पैसे द्यावेत.

दांडी कॉलेटमध्ये निदान तीन चतुर्थांश तरी जायला हवी. पण ती तळाला टेकवून आवळू नये. टेकवल्यावर दोन-तीन मिलिमीटर वर ओढावी आणि मग आवळावी. कारण आवळताना कॉलेट दांडीला जरा आत खेचते. तळाला टेकली असेल तर पकड ढिली राहते. आणि बिट नसताना कॉलेटची चाकी कधीही आवळू नये.

धारेचा भाग टंगस्टन कार्बाइडचा असलेले बिट घ्यावे. सागात सिलिका असते आणि प्लायवूडमध्ये गोंद असतो. दोन्ही साध्या पोलादाची धार लवकर खातात. कार्बाइड कठीण, पण काचेसारखे ठिसूळ. खाली पडले किंवा दोन बिटे एकमेकांवर आपटली तर टवका उडतो. टवका उडालेले बिट फेकून द्यावे, त्यात जीव गुंतवू नये. घेताना जोड पाहावा: कार्बाइडचा तुकडा दांडीवर सलग झाळलेला असावा, मध्ये फट नको, आणि दोन्हीकडचे तुकडे सारख्या जाडीचे असावेत.

पेटीतल्या बारा-पंधरा बिटांच्या संचाचा मोह टाळलेला बरा. त्यांतली दहा बिटे वर्षानुवर्षे पेटीतच राहतात. सहा आणि बारा मिलिमीटरचे सरळ बिट आणि कडेला गोलाई देणारे, टोकाला बेअरिंग असलेले एक, एवढ्यावर पाट, पोळपाट, देव्हारा, खिडकीची चौकट सगळे होते.

वेगाचा हिशोब इथेही पाहा. २५ मिलिमीटर व्यासाचे बिट २४ हजार फेऱ्यांवर फिरते तेव्हा त्याच्या धारेचा वेग ताशी सुमारे ११३ किलोमीटर असतो. ५० मिलिमीटरचे बिट तितकेच फिरवले तर ताशी २२६ किलोमीटर. मोठ्या बिटाला १६ ते १८ हजारांवर आणावे, त्याहून मोठ्याला आणखी कमी. ज्या लहान राऊटरला वेग कमी-जास्त करायचे चक्र नसते, त्याला मोठे बिट लावूच नये. आणि राऊटरचे बिट ड्रिलला लावून बाजूने खाच मारण्याचा उद्योग काहीजण करतात, तोही करू नये. ड्रिलचा चक सरळ दाबासाठी असतो, बाजूच्या ओढीसाठी नसतो. तो ढिला होतो आणि बिट सुटते.

राऊटर कोणत्या दिशेने चालवायचे, यावरच सगळी सुरक्षितता अवलंबून आहे. फळीची कड तुमच्याकडे असेल तर डावीकडून उजवीकडे जावे. तेव्हा बिट तुमच्या ढकलण्याला विरोध करते, आणि हा विरोध हवाच असतो. उजवीकडून डावीकडे गेलात तर बिट चाकासारखे फळीवरून पळू लागते आणि तुम्हांला ओढून नेते. भरलेली गाडी उताराला लागली की बैलांच्या अंगावर चढते, अगदी तसेच. चारही बाजूंनी कड काढायची तर ध्यानात ठेवायला सोपी खूण आहे: फळीच्या बाहेरून जाताना प्रदक्षिणेच्या उलट फिरावे, आणि आतल्या चौकोनी खिडकीची कड काढताना प्रदक्षिणेच्या दिशेने. राऊटर टेबलाखाली उलटे बसवलेले असेल तर फळी उजवीकडून डावीकडे सरकवावी आणि बिट व पट्टी यांच्या मधून फळी कधीही नेऊ नये.

आधी फळीची आखूड, तंतू तुटलेली टोके काढावीत, मग लांब कडा. टोकाशी उडालेला ढलपा लांब कड काढताना निघून जातो. एका दमात खोल खाच मारू नये. सहा मिलिमीटरच्या बिटाने एका वेळी तीन मिलिमीटर पुरे. बारा मिलिमीटर खोल जायचे तर चार फेऱ्या कराव्यात. मशीन पुऱ्या वेगावर आल्याशिवाय बिट लाकडाला लावू नये, आणि काम झाल्यावर बिट पूर्ण थांबेपर्यंत मशीन खाली ठेवू नये. लहान तुकड्याला गोलाई द्यायची असेल तर आधी मोठ्या फळीला द्यावी आणि मग तुकडा कापावा.

राऊटरचा भुसा पिठासारखा बारीक असतो. लाकडाच्या धुळीने नाकाच्या पोकळीत कर्करोग होऊ शकतो, असे जागतिक कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ सालीच प्रसिद्ध केले आहे. शिसव आणि साग यांच्या धुळीने काहींच्या अंगाला खाज सुटते, पुरळ येते. तोंडाला रुमाल बांधून ही धूळ अडत नाही. एन-९५ मुखपट्टी लावावी. काम उघड्या पडवीत, वारा पाठीमागून घेऊन करावे, गुरांच्या चाऱ्याजवळ किंवा धान्याजवळ करू नये. कानात बोळे घालावेत.

एवढे करूनही कधी कापले, तर जखमेत हळद, चुना, तंबाखू भरत बसू नये. स्वच्छ कापड दाबून धरावे, हात छातीच्या वर ठेवावा आणि दवाखाना गाठावा. धनुर्वाताचे इंजेक्शन घ्यावे. बोट तुटले असेल तर तुटलेला भाग ओलसर स्वच्छ कापडात गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत बंद करावा आणि ती पिशवी बर्फात ठेवावी. बर्फ थेट बोटाला लागू देऊ नये. वेळेवर मोठ्या रुग्णालयात पोहोचले तर ते जोडता येण्याची आशा असते.

धार आणि निगा

पिळाचे बिट सहाणचाकावर घासता येते. दोन्ही ओठ सारखे आले की नाही ते लाकडावर पाहावे: दोन्हीकडून सारखी सालपटे निघाली तर बरोबर. एक ओठ लांब राहिला तर भोक मापाहून मोठे पडते. ऑगरला बारीक कानस चालते. मात्र कडेची पाती आतल्या बाजूनेच घासावीत. बाहेरून घासली की बिटाचा व्यास कमी होतो आणि ते भोकात अडकू लागते. कार्बाइडला साधी सहाण लागत नाही, हिऱ्याची पट्टी लागते, आणि फक्त सपाट बाजू घासायची असते. बहुतेक वेळा मात्र धार गेलेली नसते, तिच्यावर राळ साचलेली असते. बेअरिंग काढून बिट टर्पेंटाइनमध्ये थोडा वेळ ठेवावे आणि जुन्या दातांच्या ब्रशाने घासावे. काळी राळ निघून जाते.

सगळी बिटे डब्यात खुळखुळत ठेवू नयेत. आंब्याच्या ओंडक्याचा एक चौकोनी ठोकळा घ्यावा, ज्या त्या बिटाने त्यात त्याचे त्याचे भोक पाडावे आणि बिट तिथेच उभे ठेवावे. प्रत्येक भोकाशेजारी माप लिहावे. संध्याकाळी एखादे भोक रिकामे दिसले की बिट अंगणात कुठेतरी पडले आहे, हे मुले अनवाणी खेळायला येण्याआधीच कळते. पावसाळ्यात महिन्यातून एकदा सगळ्यांवर मशीनच्या तेलाचे बोट फिरवावे.